पॅसेज, आप्पांसकट

चपलांचा स्टँड पुन्हा पुढे सरकला होता. कोशकाराच्या बायकोने दार उघडल्या उघडल्या तो पाहिला आणि दुधाची पिशवी हातात तशीच धरून ती घरात परतली.

"अहो, बाईंचा स्टँड आता आपल्या पायपुसण्याला टेकलाय."

कोशकार दाढी करत होता. "टेकलाय की चढलाय?" त्याने आरशातून विचारले.

"फरक काय पडतो?"

"टेकला असेल तर शेजार. चढला असेल तर आक्रमण."

"मग तो चढेपर्यंत थांबते मी," बायको म्हणाली आणि दूध गॅसवर आदळून ठेवले.

कोशकार एका मोठ्या शब्दकोशाच्या कार्यालयात शब्दांचे अर्थ लिहिण्याचे काम करत असे. इमारतीत त्याला सगळे 'शब्दवाले' म्हणत. बायको विमा कंपनीत दावे तपासायची. समोरच्याचे म्हणणे खोटे धरून सुरुवात करायची आणि पुराव्यापुढे अगदीच नाइलाज झाला तर मान्य करायचे, ही तिची कामाची पद्धत होती. नवऱ्याची पद्धत नेमकी उलटी. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे धरायचे आणि दोघांनाही चालेल असे वाक्य शोधत बसायचे. या दोन पद्धतींवर संसार बरा चालला होता. पॅसेजचा मात्र त्यात घात झाला.

पॅसेज म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन घरांमधली मोकळी जागा. अलीकडच्या अर्ध्या भागात जिना वर येई आणि दोन्ही घरांची मुख्य दारे समोरासमोर उघडत. पलीकडच्या अर्ध्या भागात एक मोठी खिडकी होती, खिडकीखाली लाकडी बाक होता आणि बाजूला गच्चीवर जायचे दार होते. समोरच्या बाईंच्या स्वयंपाकघराचे मागचे दारही तिथेच उघडे.

त्या बाकावर कोशकाराचे वडील, आप्पा, सकाळपासून बसलेले असत. गुडघे गेल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केला होता. घरातल्या सगळ्या खिडक्या शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून होत्या. रस्ता दिसे तो फक्त पॅसेजच्या खिडकीतून. कोणत्या दुकानाचे शटर उशिरा उघडते, कोणत्या ड्रायव्हरला गाडी मागे घेता येत नाही, कोणते जोडपे कोपऱ्यापर्यंत भांडत येते आणि कोपऱ्यावरून हसत पुढे जाते, हे आप्पांना पाठ होते. त्या बाकावरून उठवले असते तर आप्पांना बसायला जागा पुष्कळ होत्या, बघायला एकही नव्हती.

समोरच्या बाई गणिताची शिकवणी घेत. मुले चपला दारात टाकत, म्हणून स्टँड आला. मुलांना न्यायला येणारे पालक ताटकळत, म्हणून खिडकीकडच्या अर्ध्या भागात खुर्च्या आल्या. बसलेले पालक गप्पा मारत आणि आत मुलांचे हिशेब चुकत, म्हणून पॅसेजच्या मधोमध पडदा आला. प्रत्येक वस्तूला कारण होते आणि प्रत्येक कारण योग्य होते. कोशकाराला त्यामुळेच बोलायला जड जाई.

"आज पडदा आहे, उद्या भिंत येईल," बायको म्हणाली. "आप्पांचा बाक जाणार बघा. तुम्ही जाऊन बोला. आणि बोला म्हणजे भांडा."

कोशकार गेला. बाईंनी फळ्यावरचे पुसता पुसता त्याचे स्वागत केले.

"या शब्दवाले, बरं झालं तुम्हीच आलात. मला सांगा, पालकांना मी काय म्हणू? 'आमच्या हॉलमध्ये थांबा' म्हटलं की थेट माझ्या सोफ्यावर येऊन बसतात. 'बाहेर थांबा' म्हटलं की रागावतात."

"ती जागा काही तुमचा हॉल नाही," कोशकार शक्य तितक्या कडकपणे म्हणाला.

"तेच म्हणते ना मी."

"पण अगदीच बाहेरही नाही म्हणता येणार."

"बघा! तुम्हाला कळलं लगेच. मग काय म्हणू?"

कोशकाराने क्षणभर छताकडे पाहिले. "'थांबायची जागा' म्हणा."

तो घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. "भांडलात?"

"भांडलो. त्या 'हॉल' म्हणत होत्या. मी म्हणू दिलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाई पालकांना ठणकावून सांगू लागल्या, "थांबायच्या जागेत थांबा." आतापर्यंत पालक तिथे नुसते बसत. आता जागेला नाव मिळाल्यामुळे ते डबे घेऊन येऊ लागले.

याच सुमारास कार्यालयात कोशकाराच्या वाट्याला 'जोडून घेणे' हा शब्दप्रयोग आला होता. त्याने अर्थ लिहिला: 'दुसऱ्याची जागा, इमारत किंवा प्रदेश बळाने आपल्यात सामील करणे.' मुख्य संपादकांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर ढकलला. त्यांना सगळे नुसते 'मुख्य' म्हणत.

"बळाने कशाला?" मुख्य म्हणाले. "आपण मागची इमारत कार्यालयाला जोडून घेतली, तेव्हा काय सैन्य आणलं होतं?"

"तिथे आम्ही सायकली लावायचो."

"हलवल्या की सायकली."

"आम्हाला विचारलं नव्हतं कोणी."

"पण मारलंही नव्हतं ना कोणी? मग 'बळाने' काढा." मुख्यांनी कागद परत सरकवला. "हे बघा, घेणारा म्हणतो 'सामावून घेतलं'. ज्याचं जातं तो म्हणतो 'बळकावलं', 'हडपलं', 'गिळलं'. जागा एकच आणि शब्द सतरा. आपण कोशवाले. आपण घेणाऱ्याचं ऐकायचं नाही आणि गमावणाऱ्याचंही ऐकायचं नाही. नुसतं बघायचं. नुसतं 'जोडणं' आणि 'जोडून घेणं' यात ते 'घेणं' कुठून येतं आणि कधी येतं, ते बघून मला सांगा."

कार्यालयाचा नियमच होता. शब्द जिवंत वापरात पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ कायम करायचा नाही. 'ओसंडणे' लिहिणाऱ्या सहकाऱ्याने त्यासाठी घरची टाकी भरू दिली होती आणि खालच्या मजल्यावरच्यांची गादी भिजवली होती. आणि पाहताना मध्ये हात घालायचा नाही, नाहीतर नमुना बिघडतो, हे तिथे पहिल्या दिवशीच शिकवले जाई.

कोशकार घरी परतला तो वेगळ्या नजरेने. चपलांचा स्टँड पायपुसण्यावर चढला होता. त्याने वाकून नीट पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"काय बघताय?" बायकोने विचारले.

"हे होतंय ना, हे अगदी शास्त्रशुद्ध होतंय."

"अहो, मग थांबवा ना ते!"

"आत्ता थांबवलं तर कळणार कसं?"

बायको त्याच्याकडे, खोटा अपघात दाखवून पैसे मागणाऱ्या माणसाकडे पाहावे तशी बघत राहिली.

पुढच्या रविवारी सुतार आला. पडद्यातून धूळ येते, म्हणून बाईंनी पार्टिशन सांगितले होते. सुतार एकटाच होता. कोशकार निरीक्षणासाठी दारात उभा राहिला. चौकट उभी करताना सुताराची तारांबळ उडाली.

"साहेब, ही एवढी बाजू धरता का?"

चौकट खरोखरच वाकडी बसत होती. डोळ्यांसमोर वाकडी बसणारी गोष्ट कोशकाराला सहन होत नसे. त्याने बाजू धरली. बायको बाजारातून परतली तेव्हा तिचा नवरा दोन्ही हात पसरून, आपल्याच पॅसेजच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या भिंतीला छातीने आधार देत होता.

पिशवीतले बटाटे जिन्यावरून खाली घरंगळत गेले.

"तुम्ही धरलीत?" ती म्हणाली.

"वाकडी बसत होती."

"वाकडीच बसू द्यायची होती! पडली असती!"

"वहिनी, पडणार नाही हो," सुतार अभिमानाने म्हणाला. "साहेबांनी धरली म्हणून ओळंब्यात बसलीय. आता हत्ती आला तरी हलायची नाही."

आप्पा या सगळ्या वेळात बाकावरच होते. जरा उठता का, असे सुताराने त्यांना विचारले होते. "तुम्ही तुमचं करा, मी आड येत नाही," असे म्हणून आप्पांनी पाय वर घेतले होते. पार्टिशन पुरे झाले, त्याला दार लागले, बाईंच्या सांगण्यावरून दाराला आतून कडी बसली, आणि आप्पा खिडकी, बाक व गच्चीच्या दारासकट पलीकडे गेले.

दारावर बाईंनी कागद चिकटवला: 'खाजगी. आत येऊ नये.' हे मात्र कोशकाराला पटले नाही. नमुना बिघडला तरी चालेल, पण चुकीचा शब्द भिंतीवर राहता कामा नये, असे वाटून तो तरातरा गेला.

"बाई, हे खाजगी नाही. जागा सामाईक आहे. तुमच्या घराला ती फक्त जोडलेली आहे."

"असं होय! मग काय लिहू?"

"'जोडखोली' लिहा."

"अगदी योग्य शब्द!" बाई म्हणाल्या. सुताराने तो लगेच निळ्या रंगात, ठळक लिहून दिला.

बायकोने इमारतीच्या सेक्रेटरींकडे तक्रार केली. सेक्रेटरी संध्याकाळी धापा टाकत वर आले. त्यांनी पार्टिशन ठोकून पाहिले, पाटी दोनदा वाचली आणि टोपी काढून डोके खाजवले.

"वहिनी, 'खाजगी' लिहिलं असतं ना, तर मी इथल्या इथे उखडून टाकलं असतं. पण त्या बिचाऱ्या तसं म्हणतच नाहीत. 'जोडखोली' म्हणतात. किती नम्र शब्द आहे! शिवाय शब्द तुमच्याच घरचा आणि भिंतही तुमच्याच घरच्यांनी धरलेली. माझी मान अडकते हो."

"आणि आमचे सासरे?"

"ते कुठे आहेत?"

"आत."

सेक्रेटरींनी दार किलकिले केले. आप्पा बशीतून चहा पीत होते. "या," ते म्हणाले. "पण दार लावून घ्या, वारा येतो."

त्या रात्री आप्पा जेवायला आले नाहीत. कोशकार बोलवायला गेला.

"बाईंनी वाढलंय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, घरी चला."

"घरीच आहे की मी. बाक तोच, खिडकी तीच. दार एक वाढलं, एवढंच."

"झोपायला तरी या."

"झोपायला येईन ना. झोपेत काही बघायचं नसतं."

बायकोने आप्पांचे ताट मांडले होते. तिने ते उचलले, भाजी पातेल्यात परत ओतली आणि "उगाच वाढलं" असे, कोणालाही उद्देशून नाही अशा सुरात, म्हणाली. आप्पांची आणि तिची रोज भाजीतल्या मिठावरून चकमक उडे. आता मीठ बरोबर असूनही जेवण कोणाला लागेना. सकाळी आप्पांचा रेडिओही गेला. मग त्यांच्या गोळ्यांची डबी गेली. चष्म्याचे घर गेले. ते रात्री येत आणि पाहुण्यासारखे पहाटे उठून जात.

"जागा गेली ती गेली," बायको म्हणाली, "आता माणूसही चाललं. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," कोशकार म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "माझ्या अर्थात हे राहूनच गेलं होतं. प्रदेश जोडून घेतला की तिथली माणसंही त्यातच येतात. 'तेथील रहिवाशांसह' असं घालायला हवं. आणि 'बळाने' काढलं ते बरोबरच होतं. बळ कुठेच नाही यात. चहा आहे."

"अहो, तो रहिवासी तुमचा बाप आहे!"

कोशकाराचा उजेड मावळला. त्याने जेवणाचे ताट पाहिले, आप्पांची रिकामी जागा पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन खरोखरच भांडायचे असे ठरवले. पण त्याची गरज पडली नाही. पार्टिशनच्या पलीकडे परिस्थिती आपणहून बदलू लागली होती.

सुरुवात कपापासून झाली. आप्पांचा कप बाईंच्या ओट्यावर राहू लागला. मग तो धुवायला म्हणून आप्पा स्वयंपाकघरात जाऊ लागले. तिथे गेल्यावर त्यांनी भाजी चाखली आणि मीठ कमी असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी सांगितले नाही, स्वतःच घातले. उजेड चांगला म्हणून त्यांनी शिकवणीचे टेबल खिडकीपाशी ओढायला लावले. टेबलाबरोबर मुले आली. आप्पा गणित शिकवत नसत. कोपऱ्यावरचा ड्रायव्हर आज गाडी कितव्या प्रयत्नात लावतो, यावर ते मुलांना अंदाज करायला लावत. मुले आत बाईंकडे जाईनाशी झाली.

पालकांशीही त्यांचे छान जमले.

"तुमच्या मुलाला गणित येत नाही, असं अजिबात नाही," ते एका आईला म्हणाले. "त्याला बाई आवडत नाहीत."

खालच्या मजल्यावरचे दोन म्हातारे पत्ते खेळायला वर येऊ लागले. बाईंच्या दुपारच्या झोपेच्या वेळी रेडिओवर बातम्या मोठ्याने लागू लागल्या. आप्पांना कमी ऐकू येत असे, म्हाताऱ्यांना त्याहून कमी. एके दिवशी बाई बाजारातून परतल्या तेव्हा त्यांचा हॉलमधला सोफा खिडकीकडे फिरवलेला होता. "आता कसं, झोपून रस्ता दिसतो," सोफ्यावरून आप्पा म्हणाले.

त्याच संध्याकाळी कोशकाराच्या दारावरची बेल वाजली. बाई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, हातात खडू.

"वहिनी, कृपा करून तुमच्या सासऱ्यांना घेऊन जा."

बायकोने टीव्हीचा आवाज सावकाश बंद केला. "कोणत्या सासऱ्यांना?"

"कोणत्या म्हणजे? आप्पांना!"

"आप्पा होय. ते तर जागेबरोबर तुमच्याकडे आलेत. आमच्याकडे कसे मागता?"

"अहो, तिकडे मला माझ्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही! माझ्या भाजीत ते मीठ घालतात!"

"कमी घालता का तुम्ही?"

"वहिनी!"

"बाई, असं बघा." बायको आता कचेरीतल्या सुरात आली. "आमच्याकडे लोक येतात. गाडीचा चुराडा झाला म्हणून पूर्ण भरपाई मागतात, आणि वर म्हणतात, चांगले टायर तेवढे आम्ही ठेवून घेतो. तसं चालत नाही. टायर ठेवायचे तर गाडी ठेवा. जागा तुमची तर आप्पा तुमचे."

"मग जागाही घ्या!" बाईंचा आवाज चिरकला. "नको मला जोडखोली! मी आजच स्वयंपाकघराचं दार माझ्या बाजूने लावून घेते!"

आणि त्यांनी खरोखरच लावून घेतले. कडी बसल्याचा आवाज इकडे ऐकू आला. कोशकाराला वाटले, संपले. पार्टिशन उतरेल, पॅसेज पुन्हा पॅसेज होईल, आप्पांचा बाक आप्पांना आणि आप्पा घराला. त्याने तसे बोलूनही दाखवले.

"पार्टिशन कशाला उतरवायचं?" बायको म्हणाली. ती मोजपट्टी शोधत होती. "आयतं झालंय. दार आपल्या बाजूला आहे. इस्त्रीचं टेबल, शिवणयंत्र, ते जुनं कपाट, सगळं मावेल."

"पण जागा सामाईक आहे!"

"होती. मग बाईंची झाली. त्यांनी सोडली. आता आपण जोडून घेऊ."

"हे तू म्हणतेस? तू तर म्हणत होतीस, बळकावली."

"त्यांनी बळकावली होती," बायको म्हणाली. "आपण सामावून घेतोय."

मुख्यांचे सतरा शब्द आपल्याच घरात राहतात, याची कोशकाराला कल्पना नव्हती.

बायको इस्त्रीचे टेबल बगलेत मारून पलीकडे गेली. आप्पा खिडकीपाशी होते. त्यांनी टेबलाकडे पाहिले.

"हे कुठे, सूनबाई?"

"इथंच, खिडकीखाली. उजेड छान आहे. बाक आपण आत नेऊ, आप्पा. तुम्हाला घरात आराम पडेल. आता कोणाच्या दारात बसायला नको."

आप्पांनी खाली रस्त्यावर पाहिले, मग सुनेकडे.

"टेबल जड आहे," ते म्हणाले. "बाहेर टेकव जरा. आधी शिवणयंत्र बघ, ते दारातून येतंय का. यंत्र आलं तर सगळं येईल."

सल्ला अगदी बिनतोड होता. सूनबाईने टेबल बाहेर टेकवले, नवऱ्याला हाक मारली, दोघांनी मिळून शिवणयंत्र ढकलत आणले. पार्टिशनचे दार बंद होते. आतून कडी होती.

"आप्पा, दार उघडा!"

"यंत्र आलं का?"

"आलं!"

"मग ते परत न्या," आतून आवाज आला.

पुढचे दोन दिवस इमारतीत दुसरा विषय नव्हता. मुख्य अडचण गच्चीची झाली. गच्चीचे दार जोडखोलीत होते आणि दोन्ही घरांचे कपडे गच्चीवर वाळत. पहिल्या दिवशी कपडे घरात वाळले, म्हणजे वाळले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बादली घेऊन पार्टिशनच्या दाराशी उभी राहिली. त्याच वेळी बाई आपल्या स्वयंपाकघरातली कडी काढून, बादली घेऊन आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. त्या दाराला आप्पांनी बाक लावून ठेवला होता.

"आप्पा, मी आहे," सूनबाई म्हणाली.

"बरोबर काय आहे?"

"ओले कपडे."

"आणखी?"

"चिमटे."

"इस्त्रीचं टेबल?"

"नाही हो!"

"घरी ठेवलंस की आणून भिंतीला टेकवलंस?"

टेबल फरफटत मागे गेल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

पलीकडच्या दारावर टकटक झाली. "आप्पा, मी."

"मी कोण?"

"बाई."

"पालक आहेत बरोबर?"

"कोणी नाही."

"खुर्ची?"

"नाही."

"या. सरळ गच्चीवर जा, सरळ परत या. मध्ये टेकू नका."

त्या सकाळी दोन्ही बायका पहिल्यांदाच एका दोरीवर, एकमेकींचे चिमटे वापरत कपडे वाळत घालत होत्या. खाली येताना सूनबाईने हळूच विचारले, "मीठ खरंच कमी घालता का?" बाई म्हणाल्या, "त्यांच्या रक्तदाबामुळे कमी घालत होते." सूनबाई जिन्याच्या पायरीवर थबकली. "मी पण त्याचसाठी," ती म्हणाली.

तेव्हापासून जेवण दोन्ही दारांतून येऊ लागले. सकाळचे इकडून, संध्याकाळचे तिकडून, दोन्ही सारखेच अळणी. आप्पा दोघींनाही "मीठ कमी आहे" असे सांगून ताट स्वच्छ करत. सेक्रेटरी चौकशीला आले, तेव्हा त्यांनाही आत घेतले गेले, पण टोपी खिडकीत ठेवायची नाही या अटीवर.

कार्यालयात कोशकाराने नवा अर्थ मुख्यांपुढे ठेवला. मुख्यांनी वाचला. "छान. बळ गेलं, रहिवासी आले. पण जोडून घेतलेल्या जागेचं शेवटी काय होतं? ती कोणाची म्हणायची?"

"तेच विचारून येतो," कोशकार म्हणाला.

संध्याकाळी तो थेट पार्टिशनपाशी गेला. खांद्याला कामाची पिशवी होती. त्याने दार वाजवले.

"कोण?"

"मी आहे, आप्पा."

"एकटाच?"

"एकटाच."

कडी निघाली. आप्पा बाकावर परत जाऊन बसले आणि त्यांनी शेजारी हाताने जागा दाखवली. कोशकार बसला. किती वर्षांत आपण या बाकावर बसलो नाही, हे त्याला आत्ता जाणवले. खाली दिवे लागले होते. एक जोडपे कोपऱ्यापर्यंत तावातावाने बोलत आले आणि वळले. आप्पांनी बोट दाखवले. पलीकडे गेल्यावर ती दोघे हसत होती.

"रोज?" कोशकाराने विचारले.

"रोज. रविवारी भांडत नाहीत. तेव्हा जरा काळजी वाटते."

दोघे बराच वेळ बघत राहिले. मग कोशकाराला आपण कशाला आलो ते आठवले.

"आप्पा, आता ही जागा कोणाची म्हणायची?"

"तुला लिहायला पाहिजे का?"

"हो."

"मग मला कशाला विचारतोस? तू बघणारा आहेस. बघ आणि लिही."

कोशकाराने मान डोलावली. पिशवी खांद्यावरून उतरवून त्याने बाकावर, दोघांच्या मध्ये ठेवली आणि आतले कागद काढायला हात घातला. आप्पांनी पिशवीचे दोन्ही बंद धरले, ती अलगद उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"मांडीवरच असू दे," ते म्हणाले. "सुरुवात अशीच होते."